गोठलेले सरोवर आणि आपले शेततळे

ज्या जिल्ह्यात वैशाखातील दुपारी अनवाणी पायांनी अंगण ओलांडणे कठीण होते आणि पौषातील कडाक्याच्या पहाटेसही तळ्यावर कागदाइतका बर्फ धरत नाही, त्या जिल्ह्यातील शाळेच्या वार्षिकात गोठलेल्या सरोवरावरील प्रवासाविषयी लेख कशासाठी, अशी शंका आमच्या वाचकांस येईल. शंका रास्त आहे. तथापि हा विषय आम्ही केवळ परदेशची गंमत म्हणून निवडलेला नाही. पाण्याशी कसे वागावे ह्याविषयी उत्तरेकडील शीत देशांतील लोकांनी जे ठरविले आहे, आणि आपण यवतमाळ जिल्ह्यातील पालक व शिक्षक जे ठरवून बसलो आहोत, त्यांत फार मोठे अंतर आहे. आणि ते अंतर आपल्या मुलांच्या जिवावर बेतते, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यापूर्वी त्या खेळाची थोडी ओळख करून देणे प्राप्त आहे.

स्वीडन, फिनलंड, नेदरलंड्स इत्यादी देशांत कडक हिवाळ्यात तळी व कालवे गोठतात. क्वचित समुद्राच्या खाड्याही गोठतात. बुटाखाली पोलादी पाते बांधून ह्या बर्फावरून घसरत जाणे म्हणजे स्केटिंग. आपल्याकडील शहरांत मुले सिमेंटच्या मैदानावर चाकांच्या स्केटवर फिरतात, ते ह्याच खेळाचे धाकटे भावंड होय. परंतु आम्हांस येथे अभिप्रेत आहे तो मैदानातील खेळ नव्हे, तर उघड्या सरोवरावरील लांब पल्ल्याचा प्रवास. त्यासाठी स्वीडनमध्ये सुमारे अर्धा मीटर लांबीचे पाते वापरतात. ते चालण्याच्या जाड बुटास पुढच्या बाजूने जखडलेले असते व टाच मोकळी राहते. बर्फ संपून जमीन आली की पाते काढावे आणि पायी चालू लागावे. चांगला बर्फ लाभला तर माणूस सायकलच्या वेगाने जातो, आणि कसलेले लोक दिवसाकाठी शंभर किलोमीटरही कापतात. स्टॉकहोम येथे हाती शीड धरून वाऱ्याच्या जोरावर बर्फावरून जाणाऱ्या हौशी मंडळींनी १९०१ साली एक संघ काढला. तो पुढे अशा प्रवासांचा मोठा आधार झाला. १९९९ पासून उप्साला ते स्टॉकहोम अशी सुमारे ऐंशी किलोमीटरांची, म्हणजे यवतमाळ ते वर्धा ह्या अंतराहूनही थोडी अधिक, शर्यत मेलारेन सरोवरावरून भरविण्यात येऊ लागली. अर्थात ज्या वर्षी बर्फ साथ देईल त्याच वर्षी.

हे सारे पाण्याच्या एका विलक्षण गुणामुळे शक्य होते. बहुतेक पदार्थ थंड होतात तसतसे आकसतात व जड होतात. पाणीही आकसते, पण चार अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते उलट फुगू लागते, आणि गोठून बर्फ झाले की तितक्याच वजनाच्या पाण्याहून सुमारे एक-अकरांश अधिक जागा व्यापते. म्हणून बर्फ तरंगतो, सरोवर तळापासून न गोठता वरून गोठते, आणि खाली मासे जिवंत राहतात. आपल्या देशाने सरोवराचा बर्फ पूर्वी पाहिलेला आहे, हे विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी, दोनदा विषुववृत्त ओलांडून, त्यातील सुमारे १०० टन बर्फ कलकत्त्यास पोचला! तो तिकडच्या तळ्यांतूनच करवतीने कापलेला होता. पुढे मुंबई व मद्रास येथेही असा बर्फ येत असे. असो.

आता मुख्य गोष्ट. बर्फ सगळीकडे सारखा नसतो, आणि हे ओळखणे हीच ह्या खेळातील खरी विद्या आहे. वारा पडलेला असताना स्वच्छ पाणी गोठते तेव्हा बर्फ काचेसारखा पारदर्शक होतो. खालच्या पाण्याच्या रंगामुळे तो काळा दिसतो, आणि तोच सर्वांत बळकट. बर्फावर पडलेला हिमवर्षाव भिजून पुन्हा गोठला म्हणजे पांढुरका बर्फ होतो. त्यात हवेचे बुडबुडे असल्याने त्याचा भरवसा कमी. वसंत ऋतूतील उन्हाने पोखरलेला बर्फ एक वीत जाड असला तरी हातात ढेकळासारखा सुटतो. ओढा जेथे सरोवरास मिळतो तेथे, पुलाखाली, लव्हाळ्यांच्या कडेस बर्फ कच्चा असतो. म्हणून हे प्रवासी हाती टोकदार लोखंडी कांब घेऊन बर्फावर घाव घालीत जातात. एका घावात कांब आरपार गेली की मागे वळावयाचे. कांबेखेरीज ते कानही वापरतात. नव्या पातळ काळ्या बर्फावरून पाते जाऊ लागले म्हणजे सरोवर गाऊ लागते. बर्फ जितका पातळ तितका स्वर उंच. बाजारात टरबूज घेताना आपल्या आया टिचकी मारून आतला गर ओळखतात ना, त्यातलाच हा प्रकार. सर्वसाधारण माणसाने दहा सेंटिमीटर जाडीशिवाय बर्फावर पाऊल ठेवू नये, असा तिकडील सरकारी व संघांचा उपदेश असतो. कसलेले लोक ह्याच्या निम्म्या जाडीवरूनही जातात. पण ते एकटे कधीच जात नाहीत.

ह्या विद्येचा सर्वांत भव्य उत्सव नेदरलंड्समधील फ्रीसलंड प्रांतात होत आला. तेथील अकरा नगरांस जोडणाऱ्या कालव्यांवरून व सरोवरांवरून सुमारे २०० किलोमीटरांची एक फेरी आहे. ‘एल्फस्टेडेनटोख्ट’, म्हणजे अकरा नगरांची फेरी, हे तिचे नाव. यवतमाळहून निघून नागपूर गाठावे आणि तरीही चाळीस-पन्नास किलोमीटर उरावेत, एवढे हे अंतर पहाटे निघून एका दिवसात पुरे करावयाचे. पहिली शर्यत २ जानेवारी १९०९ रोजी झाली. ती जिंकणारा मिने हुक्स्ट्रा हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी होता, हे आमच्या अभ्यासू परंतु मैदानाकडे न फिरकणाऱ्या मुलांनी ध्यानात घ्यावे. १८ जानेवारी १९६३ ची फेरी तर दंतकथाच होऊन बसली. उणे अठरा अंश थंडी, अंगावर येणारा वारा, उडणारे हिम, असे असता सुमारे दहा हजार लोक निघाले आणि शेवटपर्यंत पोचले ते दीडशेही नव्हेत. राइनिर पापिंग ह्याने ती अकरा तासांच्या आत पुरी केली. त्यानंतर १९८५, १९८६ आणि ४ जानेवारी १९९७ ह्या तीनच वर्षी ती होऊ शकली. हिवाळे सौम्य होत चालले आहेत, हे त्याचे कारण.

परंतु आमच्या मते त्या फेरीच्या इतिहासातील सर्वांत शिकण्याजोगा दिवस हा ज्या दिवशी ती झाली त्यांपैकी नाही. ती झाली नाही, असा एक दिवस आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये पंधरा वर्षांनी कडाक्याची थंडी पडली. सारे राष्ट्र कालव्यांकडे डोळे लावून बसले. लोकांनी आपण होऊन बर्फावरील हिम झाडून काढले. नियम असा की, साऱ्या वाटेवर बर्फ पंधरा सेंटिमीटर जाड हवा. वाट बावीस टप्प्यांत विभागलेली असून प्रत्येक टप्प्याचा एक प्रमुख असतो. तो आपल्या हद्दीतील बर्फास भोके पाडून मोजमाप घेतो आणि मंडळास कळवितो. ८ फेब्रुवारीस ह्या प्रमुखांची सभा झाली आणि मंडळाने जाहीर केले की, दक्षिणेकडील भागात बर्फ पुरेसा जाड नाही. फेरी होणार नाही. एवढ्या उत्सुक जनसमुदायास ‘नाही’ म्हणावयास धैर्य लागते. पण लोकांनी ते ऐकले, कारण तो नकार भीतीतून आलेला नव्हता. तो मोजपट्टीतून आलेला होता. हाच बर्फ पंधरा सेंटिमीटर भरला असता तर तीच माणसे ‘होय’ म्हणाली असती, हे सर्वांस ठाऊक होते.

आपल्या देशातही अशी तळी आहेत. लेह येथील गुपुक्स ह्या गोठणाऱ्या तळ्यावर स्केटिंग चालते. फेब्रुवारी २०२४ मध्ये लडाखला ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यांत महाराष्ट्रातील मुलामुलींनी स्केटिंगमध्ये पदके मिळविली. ज्या प्रांतात नैसर्गिक बर्फ नावालाही नाही त्या प्रांतातील मुलांनी चाकांच्या स्केटवर घोटून घेऊन बर्फावर यश मिळवावे, ही गोष्ट लहान नाही. समुद्रसपाटीहून सुमारे ४२०० मीटर उंचीवरील पँगाँग सरोवरावर तर २० फेब्रुवारी २०२३ रोजी एकवीस किलोमीटरांची धावण्याची शर्यतही झाली. सांगावयाचे ते एवढेच की, शिकविले तर आमची मुले शिकतात.

आणि आपण त्यांस पाण्याविषयी काय शिकवितो? ‘पाण्याकडे जाऊ नको’ ह्या तीन शब्दांपलीकडे काही नाही. आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी किती जणांस पोहता येते हे वर्गात हात वर करावयास सांगून पाहावे. पालकांस लाज वाटावी असा तो देखावा असतो, आणि मुलींकडील बाजूस तर एखादाच हात वर होतो. वास्तविक हा जिल्हा काही पाण्यावाचूनचा नाही. एका अंगास वर्धा, दुसऱ्या अंगास पैनगंगा; बेंबळा, अरुणावती, पूस, इसापूर असे जलाशय; यवतमाळ शहराजवळच निळोणा आणि चापडोह; शिवाय शेतोशेती विहिरी. मूल पाण्याकडे जाणारच. मनाईमुळे फरक पडतो तो इतकाच की, ते सांगून जात नाही, मोठ्या माणसास बरोबर घेऊन जात नाही, आणि काही बरेवाईट झाले तर सोबतची पोरे भीतीने घरी बोलत नाहीत.

ह्यात गेल्या काही वर्षांत एका नव्या धोक्याची भर पडली आहे. ‘मागेल त्याला शेततळे’ ही सरकारी योजना २०१६ साली निघाली आणि गावोगाव शेततळी झाली. शेतकऱ्यास ती वरदान आहेत, ह्यात शंका नाही. एका पाण्याने कपाशी आणि तूर तगते हे आम्ही पाहतो. परंतु पाणी मुरू नये म्हणून ज्या शेततळ्यांस प्लास्टिकचे अस्तर घातलेले असते, त्यांच्या उताराकडे आमच्या वाचकांनी एकदा नीट पाहावे. ते प्लास्टिक ओले झाले आणि त्यावर शेवाळ धरले की त्यावर पाय ठरत नाही, हात ठरत नाही, पकडावयास गवताची काडी नाही, दगड नाही. विहिरीस निदान बांधकामाची खाच सापडते. नदीस काठ असतो. ह्या तळ्यात पडलेला माणूस पोहणारा असला तरी बाहेर येऊ शकत नाही. चढतो, घसरतो, पुन्हा चढतो, आणि थकतो. तो बुडतो तो पोहता न आल्यामुळे नव्हे, काठावर चढता न आल्यामुळे.

नेमका हाच प्रसंग गोठलेल्या सरोवरावर बर्फ फुटून आत पडलेल्या माणसावर येतो. त्याच्या समोर बर्फाची कड असते, पण ती ओली व गुळगुळीत, बोटे घसरतात. ह्यावर त्या लोकांनी काय उपाय काढला? प्रत्येक प्रवासी गळ्यात, अगदी हनुवटीखाली, लाकडी मुठीचे दोन टोचे अडकवून निघतो. आपल्याकडील चांभाराची आरी असते तसे. आत पडला की प्रथम मिनिटभर श्वास सावरावयाचा, कारण गार पाण्याच्या धक्क्याने दम लागतो आणि त्या क्षणी घाबरून धडपडणारा पाणी पितो. मग ज्या बाजूने आलो त्याच बाजूकडे तोंड करावयाचे. त्या बाजूच्या बर्फाने आपणांस आतापर्यंत तोलले होते, पुढच्याची शाश्वती नाही. पाय मागे झाडून अंग आडवे करावयाचे, टोचे बर्फात रोवून स्वतःस वर ओढावयाचे, आणि वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जावयाचे. पाठीवरच्या पिशवीत कोरडे कपडे पाणबंद गुंडाळलेले असतात. ते बदलण्यासाठी तर खरेच, पण तोवर ती हवाबंद पिशवीच त्यास वर तोलून धरते. तिच्याच बाजूस वीसेक मीटरांची दोरी गुंडाळून ठेवलेली असते, सोबत्याकडे फेकावयास.

ती पिशवी पाहून आमच्या वयस्क वाचकांस वाळलेल्या भोपळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपले वाडवडील पाठीस भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून, कमरेला दोर लावून, विहिरीत पोहावयास शिकले. काठावर काका किंवा मामा दोराचे टोक धरून बसलेला असे. ही आमची स्वतःची, बिनखर्चाची आणि शहाणी पद्धत होती. शेतात नळ्यांच्या विहिरी आल्या, थोरली माणसे कामाला बाहेर गेली, आणि दोर धरणाराच उरला नाही. आम्ही म्हणतो ते परदेशी अनुकरण नव्हे. जे होते ते आम्ही सोडले, एवढेच.

काही पालक म्हणतात की, पोहावयास शिकविले म्हणजे मूल धीट होऊन खोल पाण्यात जाईल. त्यापेक्षा भीती बरी. ह्या आक्षेपात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. अर्धवट शिकलेला धीट मुलगा अजाण मुलाइतकाच धोक्यात असतो. पण ह्याचे उत्तर कमी शिकविणे हे नसून पुरते शिकविणे हे आहे. नेदरलंड्समध्ये लहान मुलांची पोहण्याची परीक्षा असते. तिचा एक भाग अंगात कपडे व पायांत बूट घालून पोहण्याचा आहे, कारण कालव्यात पडणारे मूल पोहण्याचा पोशाख घालून पडत नाही. स्वीडनमध्ये शालेय अभ्यासक्रमानेच सहावीच्या अखेरीस प्रत्येक मुलास २०० मीटर पोहता यावे, त्यांतील ५० मीटर पाठीवर, अशी अपेक्षा ठेवली आहे; आणि निरनिराळ्या ऋतूंत पाण्यावरील संकटात साधनांच्या साहाय्याने कसे वागावे हेही त्यात आहे. गणित व भाषा ह्यांच्या पंक्तीस हा विषय तेथे बसला. आमच्याकडे कागदी नावा करावयास शिकवितात. त्याही वाईट नाहीत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तालुक्याच्या गावी पोहण्याचा तलाव नाही, शिक्षक नाही, हे खरे आहे, आणि त्याबद्दल पालकांनी नगरपालिकेकडे व जिल्हा परिषदेकडे एकत्र होऊन मागणी केली पाहिजे. शाळेने एकटीने ती करून भागावयाचे नाही. पण तलाव होईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. ज्यास पैसा लागत नाही असे ज्ञान पुष्कळ आहे. उदाहरणार्थ, बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी लगेच उडी टाकू नये, हे. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत शेततळ्यांतील अपघातांच्या बातम्या येतात, त्यांत एकाच्या मागे दुसरा व दुसऱ्याच्या मागे तिसरा गेल्याचे आपण वाचतो. धाकट्यास वाचवावयास थोरली बहीण, तिच्यासाठी आई. गोठलेल्या सरोवरावर ह्याविषयी कडक नियम आहे: भोकाजवळ दुसऱ्याने जावयाचे नाही. दुरूनच पालथे पडावयाचे आणि दोर फेकावयाचा. आपल्याकडे दोर नसेल तर लुगडे आहे, धोतर आहे, ओढणी आहे, बांबू आहे, मोटारीच्या चाकाची ट्यूब आहे, झाकण घट्ट बसविलेला रिकामा कॅन आहे. जे हाती येईल ते फेकावे. स्वतः काठावर बसून, शक्य तर एखाद्या झाडास धरून, मग ओढावे. ह्याचा सराव शाळेच्या मैदानावर कोरड्या जमिनीवर करता येतो, आणि खो-खोइतकीच मजा त्यात येते.

फ्रीसलंडच्या बावीस टप्पाप्रमुखांची गोष्ट आम्हांस फार आवडते, ती एवढ्याचसाठी की, तेथे प्रत्येक हाताच्या अंतराचा कोणी तरी जबाबदार माणूस असतो. आपल्या गावातील शेततळ्यास असा कोण आहे? मालक शेतात नसतो. ग्रामपंचायतीचे लक्ष नसते. म्हणून आमची विद्यार्थ्यांस अशी सूचना आहे की, येत्या दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावातील अथवा वस्तीतील विहिरी व शेततळी पाहून एका वहीत लिहून आणावीत. कठडा आहे की नाही, कुंपण आहे की नाही, उतरावयास शिडी किंवा पायऱ्या आहेत की नाहीत, काठाशी दोर आहे की नाही. पाहावयास जाताना मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे, आणि काठापासून पाच हात दूर राहूनच पाहावयाचे. मुलींनीही जावे, पाणी भरावयास आणि धुणे धुवावयास त्याच जातात.

आणि शेतकरी पालकांस एक विनंती. अस्तराच्या शेततळ्याच्या चारही बाजूंस काठावर एकेक मजबूत खुंट रोवून त्यास जाड दोर बांधावा. तो उतारावरून तळापर्यंत, म्हणजे पाणी आटले तरी हाती लागेल इतका, सोडावा. दोर नायलॉनचा असावा, कारण अंबाडीचा किंवा काथ्याचा पाण्यात राहून कुजतो. दर हातभर अंतरावर एक मोठी गाठ मारावी, म्हणजे ओल्या मुठीतून तो निसटणार नाही. जुनी ट्यूब हवा भरून त्यांतल्या एका खुंटास अडकवून ठेवावी. पाटाला किंवा बैलाला लागला म्हणून तो दोर कोणी सोडून नेऊ नये. आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी वर्षातून एकदा, भार देऊन, तो ओढून पाहावा.